इरावती कर्वे : स्वतःच्या घरापासून सुरू झालेलं मानवशास्त्र

धारवाड स्टेशनाजवळची मळमड्डी ही शहरातली जुनी वस्ती. अशा वस्तीतल्या मराठी घरात जुन्या वळणाची सून सासऱ्यांना मामंजी म्हणायची आणि सासूला आत्याबाई. भिंतीपलीकडच्या कन्नड घरातली सून सासऱ्यांना माव म्हणते आणि सासूला अत्ते. कन्नडमध्ये माव म्हणजे मामाही आणि सासराही. अत्ते म्हणजे आत्याही आणि सासूही. भाषा दोन, घरं दोन, पण दोन्हीकडचे शब्द एकाच जुन्या रीतीकडे बोट दाखवतात. लग्नं नात्यात व्हायची, त्यामुळे मामाच सासरा व्हायचा आणि आत्याच सासू.

रोज तोंडात असलेल्या अशा शब्दांवरून समाजाची घडण कशी वाचायची, हे मराठी माणसाला ज्यांनी दाखवून दिलं त्यांत सर्वांत मोठं नाव इरावती कर्वे यांचं. मराठी वाचकाच्या कपाटात त्या बहुतेक वेळा 'युगान्त'मुळे असतात. त्यांचा पेशा मात्र मानवशास्त्राचा. आज हा विषय एम.ए.ला धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात घेता येतो, पुणे विद्यापीठातही घेता येतो. पण घरात मुलीनं किंवा मुलानं हे नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, यात नक्की शिकायचं काय आणि पुढे करायचं काय? इरावतीबाईंचं आयुष्य हे या प्रश्नाचं एक सविस्तर उत्तर आहे, आणि त्याची सुरुवात एम.ए.च्या प्रबंधापासूनच होते.

ब्रह्मदेशातून पुण्यात

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या म्यिंज्यान गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथल्या कापसाच्या कंपनीत इंजिनियर होते. ब्रह्मदेशाची मोठी नदी इरावती, तिचंच नाव मुलीला मिळालं. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला धाडलं गेलं. हुजूरपागेच्या वसतिगृहात राहून तिचं शिक्षण सुरू झालं. मराठी तिची घरची भाषा खरी, पण मराठी मुलूख तिनं बाहेरून येऊन पाहिला. पुढे समाजाकडे जवळून आणि तरीही थोडं लांबून पाहण्याची जी नजर त्यांच्या लेखनात दिसते, तिचं मूळ या बालपणात शोधायला हरकत नाही.

हुजूरपागेत त्यांची मैत्री शकुंतला परांजपे यांच्याशी झाली. या मैत्रीतून त्या रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी राहायला गेल्या आणि त्या घरातलीच एक मुलगी होऊन राहिल्या. रँग्लर परांजपे हे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य, पक्के बुद्धिवादी. घरात पुस्तकं भरपूर, वादविवाद मोकळा, आणि मुलींनी गप्प बसावं असा दंडक नाही. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन इरावतीबाई १९२६ साली बी.ए. झाल्या. त्यांचं लग्न दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झालं. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव.

मुंबईतलं एम.ए.

बी.ए.नंतर इरावतीबाईंना दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि त्या मुंबई विद्यापीठात दाखल झाल्या. विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला होता. १९२४ पासून विभागाची धुरा गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे होती. घुर्ये मूळचे मालवणचे, संस्कृतात मुरलेले आणि केंब्रिजला जाऊन मानवशास्त्र शिकून आलेले. त्यामुळे त्यांच्या विभागात समाजशास्त्र आणि मानवशास्त्र अशा वेगळ्या चुली नव्हत्या. पोथ्या वाचायच्या, माणसांत फिरायचं आणि दोन्हींचा मेळ घालायचा, अशी तिथली शिस्त.

हा विभाग त्या काळी धारवाडकरांनाही परका नव्हता. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सदर्न मराठा रेल्वेच्या जुन्या कचेरीत १९१७ साली सुरू झालेलं कर्नाटक कॉलेज मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं होतं. मळमड्डीतल्या कुणाला हा विषय एम.ए.ला घ्यावासा वाटलाच असता, तर मीटरगेजच्या गाडीनं बेळगाव, मिरज करत पुणं गाठायचं आणि तिथे गाडी बदलून मुंबईला जायचं, हाच रस्ता होता. काही वर्षांनी म्हैसूरहून एक कन्नड तरुण घुर्यांकडे शिकायला आला. त्याचं नाव म. न. श्रीनिवास. म्हैसूर भागातली लग्नं आणि कुटुंबव्यवस्था हा त्याच्या एम.ए.चा विषय होता आणि त्यावरचं पुस्तक १९४२ साली निघालं. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या समाजशास्त्रज्ञांपैकी एक म्हणून श्रीनिवास पुढे ओळखले गेले. एकाच गुरूच्या हाताखाली मराठी विद्यार्थिनी आणि कन्नड विद्यार्थी, दोघांनीही सुरुवात आपल्याच माणसांपासून केली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

इरावतीबाईंनी प्रबंधासाठी निवडली ती स्वतःची जात. चित्पावन ब्राह्मणांचा मानववंशशास्त्रीय अभ्यास करून १९२८ साली त्या एम.ए. झाल्या. आपल्याच जातीवर लिहायचं म्हणजे सोपं काम, असं वरवर पाहता वाटेल. आडनावं पाठ, गोत्रं पाठ, कुणाचं कुणाशी लग्न होतं हेही ठाऊक. पण खरी अडचण नेमकी तिथेच असते. परशुरामानं समुद्रकाठी आलेली प्रेतं शुद्ध करून चित्पावन निर्माण केले, ही दंतकथा ज्या घरांत सांगितली जाते, त्याच घरातल्या मुलीनं ती कथा पुरावा म्हणून तपासायची. तिला हसायचंही नाही आणि तिच्यावर विश्वासही ठेवायचा नाही. ती कुणी, कशासाठी आणि केव्हापासून सांगायला सुरुवात केली असेल, हे विचारायचं. परक्याला जे प्रश्न विचारायचे तेच घरच्यांना विचारायचे आणि उत्तरंही तितक्याच काटेकोरपणे लिहून घ्यायची. एम.ए.च्या पातळीवर मानवशास्त्र जे शिकवतं, त्याचा गाभा हाच.

बर्लिनमधल्या कवट्या

एम.ए. झाल्यावर इरावतीबाई जर्मनीला निघाल्या. दिनकररावांनी स्वतः जर्मनीत शिक्षण घेतलं होतं आणि त्यांचा पाठिंबा होता. महर्षी कर्व्यांना मात्र सुनेनं परदेशी जाणं पसंत नव्हतं, असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे. बायकांसाठी विद्यापीठ काढणाऱ्या माणसाच्या घरातही सुनेला आपली वाट भांडून मिळवावी लागली.

बर्लिनमध्ये त्यांनी कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत संशोधन केलं. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे मोठे पुरस्कर्ते. पुढे नाझी राजवटीनं ज्या वंशवादी विज्ञानाचा आधार घेतला, त्यात या संस्थेचा आणि फिशर यांचा वाटा होता. इरावतीबाईंना दिलेला विषय होता माणसाच्या कवटीची विषमता, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूंतला फरक. युरोपीय लोकांच्या कवट्यांत हा फरक अधिक असेल आणि त्याचा संबंध त्यांच्या बुद्धीशी लावता येईल, अशी गुरुजींची अपेक्षा होती.

इरावतीबाईंनी संग्रहातल्या कवट्या एकेक करून मोजल्या. निरनिराळ्या वंशांच्या म्हणून ठेवलेल्या त्या कवट्यांत अपेक्षित फरक काही सापडला नाही. त्यांनी तसं लिहिलं. वसाहतीतून आलेली, विशीतली विद्यार्थिनी, परका देश, परकी भाषा आणि पदवी ज्याच्या हातात त्या प्राध्यापकाच्या मताविरुद्ध निष्कर्ष. तरीही १९३० साली डॉक्टरेट मिळाली आणि इरावतीबाई पुण्याला परतल्या. जे मोजलं तेच लिहायचं, ही सवय मुंबईत लागली होती. तिची परीक्षा बर्लिनमध्ये झाली.

डेक्कन कॉलेजातली तीन दशकं

परत आल्यावर लगेच मनाजोगतं काम मिळालं नाही. १९३१ ते १९३६ या काळात त्या महर्षी कर्व्यांनी स्थापलेल्या महिला विद्यापीठात प्रशासनाचं काम पाहत होत्या. १९३९ साली पुण्याचं डेक्कन कॉलेज पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाची संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं, आणि इरावतीबाई तिथे समाजशास्त्राच्या रीडर झाल्या. हसमुख सांकळिया पुरातत्त्वाला, सुमित्र मंगेश कत्रे भाषाशास्त्राला आणि इरावतीबाई समाजशास्त्र-मानवशास्त्राला, अशी ती मंडळी एका आवारात काम करत होती. पुढे पुणे विद्यापीठाचा मानवशास्त्र विभागही त्यांनीच उभा केला. १९४७ च्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये मानवशास्त्र विभागाच्या अध्यक्षपदाचा मान त्यांना मिळाला.

सांकळियांच्या जोडीनं त्यांनी गुजरातेतल्या लांघणजला उत्खनन केलं. गारगोटीची बारीक हत्यारं वापरणाऱ्या अश्मयुगीन माणसांचे सांगाडे तिथे मिळाले. दुसरीकडे त्यांचं गावोगाव फिरून जिवंत माणसांची मापं घेण्याचं काम चालू होतं. उंची, डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची रुंदी, असं सगळं कॅलिपरनं मोजून वहीत उतरवायचं. महाराष्ट्रातल्या मोजमापांवर अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्याबरोबर केलेलं त्यांचं पुस्तक १९५१ साली आलं. १९५४ च्या एका निबंधात त्यांनी कर्नाटक आणि ओरिसातली मोजमापं देऊन त्यांची महाराष्ट्राशी तुलना केली. म्हणजे या नदीच्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस त्यांनी एकाच पट्टीनं मोजला होता. तेही दोन राज्यांची सीमा आखली जाण्यापूर्वी.

पुण्यात स्कूटरवरून फिरणाऱ्या प्राध्यापिका म्हणून त्यांची ओळख होती. त्या काळात बाई स्कूटर चालवते हीच बातमी होती. घरी तीन मुलं होती. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे पुढे लेखिका झाल्या, आनंद कर्वे शास्त्रज्ञ झाले. संसार, विद्यार्थी, दौरे आणि लेखन हे सगळं एकाच वेळी चालायचं.

नात्यांचा नकाशा आणि आपला पट्टा

इरावतीबाईंचं सर्वांत मोठं शास्त्रीय काम म्हणजे भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा १९५३ चा ग्रंथ. त्याची तयारी फार आधीपासून चालली होती. डेक्कन कॉलेजात आल्याबरोबर त्यांनी मराठी मुलखातली नात्यांची नावं आणि रीती यांवर निबंध लिहिला. मग राजस्थान-गुजरातवर लिहिलं, महाभारतातल्या नात्यांच्या शब्दांवर लिहिलं. त्यांची पद्धत साधी होती. बापाच्या भावाला काय म्हणता? आईच्या भावाला काय? नवऱ्याच्या बापाला काय? मामाची मुलगी बहीण लागते की बायको होऊ शकते? प्रत्येक भाषेत, प्रत्येक जातीत हेच विचारत जायचं आणि उत्तरांचे तक्ते मांडायचे.

तक्ते एकत्र केल्यावर त्यांनी भारताचे चार विभाग पाडले : उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. उत्तरेत मुलगी अनोळखी घरात, दूरच्या गावात दिली जाते. माहेर वेगळं, सासर वेगळं. लेकीचं वागणं वेगळं आणि सुनेचं वेगळं. सुनेला डोक्यावरून पदर, सासऱ्यासमोर बोलणं नाही. दक्षिणेत मुलगी ओळखीच्याच घरात जाते. सासरा मामा असतो, सासू आत्या किंवा आजीही असू शकते, कारण काही जातींत थोरल्या बहिणीच्या मुलीशी मामाचं लग्न होतं. तिथे सून परकी नसते. बौधायनाच्या धर्मसूत्रातही मामाच्या मुलीशी लग्न करणं ही दक्षिणेकडची चाल म्हणून नोंदलेली आहे. म्हणजे हा फरक दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्याही डोळ्यांवर आला होता.

इरावतीबाईंनी महाराष्ट्र मध्य विभागात घातला आणि कर्नाटक दक्षिणेत. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, धारवाड हा सगळा पट्टा दोन विभागांच्या शिवणीवर येतो. मराठा-कुणबी घरांत मामाची मुलगी करून घेता येते, पण आत्याची मुलगी चालत नाही. कारण मुलगी ज्या घरात दिली त्या घरातून परत मुलगी आणायची नाही. कन्नड घरांत बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतं, आणि भाचीशीही लग्न जमतं. कोकणातल्या चित्पावनांत मामाची मुलगीही निषिद्ध. दक्षिणेकडच्या देशस्थांत मात्र ती चालते. म्हणजे देशस्थ घराची बोली मराठी असली, तरी लग्नाच्या बाबतीत ते चित्पावनांपेक्षा शेजारच्या कन्नड घराला जवळचं निघतं.

मळमड्डीत किंवा बेळगावच्या कुठल्याही जुन्या गल्लीत हे डोळ्यांनी दिसतं. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द मराठी घरातही आहेत आणि कन्नड घरातही. उलट धारवाडकडच्या कन्नड घरांत काका, मावशी आणि वैनी हे शब्द सहज वापरले जातात. कोणता शब्द कुणी कुणाकडून घेतला यावर वाद घालता येतो. इरावतीबाईंना त्याहून महत्त्वाचं वाटायचं ते हे की त्या शब्दाबरोबर कोणतं वागणं आलं आणि कोणतं लग्न शक्य झालं. आज मराठी घरांतून मामंजी आणि आत्याबाई जवळजवळ गेले. सून सासऱ्यांना बाबा म्हणते, सासूला आई म्हणते. हे चांगलं की वाईट हा प्रश्न वेगळा. पण जुन्या शब्दातला पुरावा त्याबरोबर पुसला जातो, आणि तो लिहून ठेवायला कुणीतरी वेळेवर जावं लागतं.

गुरूशी मतभेद

एम.ए.ला ज्यांच्या हाताखाली जात हा विषय शिकल्या, त्या घुर्यांशी इरावतीबाईंचे जातीच्याच प्रश्नावर मतभेद झाले. मूळ एक मोठा समाज होता, तो फुटत गेला आणि त्यातून जाती-पोटजाती झाल्या, असा विचार तेव्हा रूढ होता आणि घुर्ये त्या बाजूचे होते. इरावतीबाईंनी महाराष्ट्रात मोजमापं केली, लग्नसंबंध तपासले आणि उलटा निष्कर्ष काढला. चित्पावन, देशस्थ, कऱ्हाडे हे एका ब्राह्मण जातीचे तुकडे आहेत असं त्यांना दिसलं नाही. कुंभारांचंही तसंच. एकाच धंद्याचे, एकाच नावाचे, पण आपसात लग्न न करणारे वेगवेगळे गट. प्रत्येक गट म्हणजे वाढत गेलेलं एक नातलगांचं कुटुंब. असे वेगवेगळे गट शेजारी आले, एका धंद्यामुळे किंवा एका दर्जामुळे त्यांना एक नाव मिळालं, पण ते एकजीव झाले नाहीत.

१९६१ साली आलेल्या हिंदू समाजावरच्या पुस्तकात त्यांनी हा विचार सविस्तर मांडला. त्यावर वाद झाले, आजही होतात. पण गुरूचं म्हणणं खोडताना त्यांनी गुरूचीच शिस्त वापरली. घुर्यांनी शिकवलं होतं की पोथी वाचा आणि माणसांतही जा. इरावतीबाई माणसांत इतक्या फिरल्या की पोथीतला सिद्धान्त त्यांना अपुरा वाटू लागला.

वारी, कोयना आणि बाजार

त्यांचं शास्त्र तक्त्यांत अडकून राहिलं नाही. पंढरीच्या वारीत त्या दिंडीबरोबर चालल्या आणि त्यावर लेख लिहिला. तो दिनकररावांनी इंग्रजीत नेला आणि १९६२ साली अमेरिकेतल्या नियतकालिकात छापून आला. ज्या मुलखाची माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी एक नवी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सुचली. पण त्याच वाटेवर एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळ्या पंगतीत जेवताना दिसले. भक्तीनं माणसं जवळ आणली होती, पंगतीनं नाही. हे पाहून त्या अस्वस्थ झाल्या आणि ती अस्वस्थता त्यांनी लपवली नाही. सीमाभागातल्या वाचकाला या व्याख्येतली आणखी एक गंमत लगेच दिसेल. पंढरीच्या वाटेवर कन्नड बोलणारे वारकरीही कमी नसतात, आणि विठोबाला कानडा म्हणण्याची रीत तर संतांपासूनची आहे.

कोयना धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, माणसं उठवली गेली. ती माणसं कुठे गेली, कुणाला काय जमीन मिळाली, भावकी कशी पांगली, हे शोधायला इरावतीबाई आणि त्यांची मुलगी जाई निंबकर गेल्या. त्या पाहणीचा अहवाल १९६९ साली निघाला. धरणग्रस्तांचं पुनर्वसन हा शब्द वर्तमानपत्रांत रुळण्याआधीचं हे काम आहे. हिडकल आणि आलमट्टीच्या पाण्यानं ज्यांची गावं गेली, त्यांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. फलटणसारखं वाढतं शहर, पश्चिम खानदेशातले भिल्ल, आठवडी बाजार, असे विषयही त्यांनी घेतले. बाजार कुठल्या वारी भरतो, कोण काय घेऊन येतं, कोण किती लांबून चालत येतं, यातून एका भागाची नाडी कळते, हे त्यांना ठाऊक होतं.

'युगान्त'

मराठी ललित लेखनात इरावतीबाईंची जागा 'परिपूर्ती' आणि 'भोवरा' या लेखसंग्रहांनी पक्की केली होती. १९६७ साली 'युगान्त' आलं आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. भांडारकर संस्थेनं अनेक दशकं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली होती. इरावतीबाईंनी ती समोर ठेवून भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे पाहिलं. देवत्वाचा मुलामा काढून त्यांनी तिथे माणसं पाहिली : वारसा कुणाचा, मुलगा कुणाचा, सून कुणाच्या घरची, राज्य कुणाला, हे प्रश्न असलेली माणसं.

हे वाचताना अनेकांना वाटतं की शास्त्रज्ञ बाईंनी विरंगुळा म्हणून साहित्य लिहिलं. खरं तर पुस्तकाच्या पोटात तेच काम आहे. महाभारतातल्या नात्यांच्या शब्दांवर त्यांनी वीस वर्षांपूर्वी निबंध लिहिला होता. नियोगानं झालेला मुलगा कुणाचा, पाच भावांची एक बायको म्हणजे कुठली रीत, हे प्रश्न मानवशास्त्राचेच. १९७९ साली कन्नडमध्ये एस. एल. भैरप्पांची 'पर्व' ही कादंबरी आली. काही काळ हुबळीत शिकवलेल्या या लेखकानंही महाभारत देवांच्या गोष्टीतून बाहेर काढून माणसांच्या रीतिरिवाजांत ठेवलं. दोन्ही भाषा वाचणाऱ्या सीमाभागातल्या माणसाला ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचता येतात. हे सुख सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

काय राहिलं, काय मागे पडलं

११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई गेल्या. वय चौसष्ट. 'गंगाजल' हा संग्रह त्यांच्या मागे १९७२ साली निघाला.

त्यांचं सगळंच काम आज तसंच्या तसं उभं आहे, असं म्हणता येणार नाही. डोकी आणि नाकं मोजून समाजांची मुळं शोधण्याची पद्धत मागे पडली. ते काम आता जनुकांच्या अभ्यासातून होतं, आणि वंश हा शब्दच शास्त्रज्ञ जपून वापरतात. भारतीय समाज म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः हिंदू समाज होता, मुसलमान आणि इतर समाजांना त्यांच्या मांडणीत पुरेशी जागा मिळाली नाही, अशी टीका पुढच्या अभ्यासकांनी केली. चार विभागांच्या नकाशातही अनेक अपवाद दाखवले गेले. शास्त्रात असंच होतं. त्यांनी घुर्यांना आणि फिशरना तपासलं, पुढच्यांनी त्यांना तपासलं.

टिकून राहिली ती प्रश्न विचारण्याची रीत. ती आपल्या भागाला फार उपयोगाची आहे. इथे माणूस मराठी की कन्नड, हे एका रकान्यात लिहून द्यावं लागतं. शाळेच्या दाखल्यात, जनगणनेच्या कागदात मातृभाषा एकच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर कितीतरी घरांचं आयुष्य त्या एका शब्दावरून ठरवलं गेलं. मराठी शाळा, मराठी पाटी, मराठीतून अर्ज, या मागण्या खऱ्या आहेत आणि त्यांच्यासाठी झगडावंही लागतं. पण घर कसं चालतं, लेक कुठे दिली जाते, देव्हाऱ्यात बनशंकरी आहे की तुळजाभवानी की यल्लम्मा, आजीच्या ओव्या कुठल्या भाषेतल्या, हे त्या रकान्यात मावत नाही. ते लिहून घ्यायला दुसरं कुणीतरी लागतं.

ते काम एम.ए.चा विद्यार्थी करू शकतो. सीमाभागात दोन्ही भाषा येणाऱ्या मुलामुलींना त्यासाठी दुभाषा लागत नाही, आणि मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला वर्षभर घालवून जे कळेल ते त्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. अडचण एवढीच की जे ठाऊक असतं ते आपण विचारत नाही. इरावतीबाईंनी तेविसाव्या वर्षाच्या आत स्वतःच्या जातीला, स्वतःच्या घराला परक्यासारखे प्रश्न विचारले आणि पुढची चाळीस वर्षं तेच प्रश्न घेऊन देशभर फिरल्या. मळमड्डीतून कर्नाटक विद्यापीठाच्या टेकडीवर जाणाऱ्या किंवा बेळगावहून पुण्याची गाडी पकडणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीला, घरी पहिला प्रश्न विचारला गेला की काय सांगायचं, याचं उत्तर त्यांच्या कामात आहे. आधी आजीकडे वही घेऊन बसायचं, आणि कोण कुणाला काय म्हणतं ते विचारायला सुरुवात करायची.